भिंगरीचे भाडेकरू

ती. अक्कास,

तुझ्या धाकट्या भावाचा, गुडघा वाकेल तिथपर्यंत, नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? (तुझा उजवा, माझा डावा. आईने वाटणी अगदी बरोबर केली होती.) कानातलं यंत्र वापरतेस ना, की अजूनही ते कपाटात जपून ठेवून शेजारणीवर ओरडतेस? मागच्या अंगणात नवी फरशी बसवलीस, भिंतीपासून भिंतीपर्यंत, मातीचा कण म्हणून दिसत नाही, असं तू फोनवर सांगितलंस. छान झालं. त्या फरशीबद्दल मला थोडं बोलायचं आहे, पण ते मागाहून. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात चिरंजीव अर्धीच दाढी करून दवाखान्यात बसतात, सूनबाई ऑफिसला चपला घालून जाते कारण तिचे बूट रिकामे नाहीत, आणि मी हे पत्र जिन्याच्या पायरीवर बसून लिहितोय, कारण माझ्या टेबलाच्या खणाखाली एक सुरवंट कोषात गेला आहे आणि त्याला लिहिण्याचे हादरे चालत नाहीत.

येत्या रविवारी आमचे डॉक्टर (म्हणजे तुझा भाचा, दातांचे झाले तरी डॉक्टरच) मला ट्रंकेसकट तुझ्याकडे आणून सोडणार आहेत, हे त्यांनी तुला कळवलंच असेल. कारण काय सांगितलं? हवापालट. अक्का, माझी हवा उत्तम आहे. पालटायची आहे ती माझी खोली. ती पडते दवाखान्याला लागून, आणि डॉक्टरांना तिथे एक्स-रेचं मशीन ठेवायचं आहे. थोडे दिवस, म्हणाले. मी उभा जन्म लोकांना भाड्याची घरं दाखवण्यात घालवला. ‘थोडे दिवस’ म्हणजे किती, हे मला कोणी शिकवायला नको. तरीही एका माणसाचं ऐकून मत करून घेऊ नकोस. खरा प्रकार असा झाला.

भिंगरीच्या शाळेतल्या बाईंनी पालकांना बोलावून सांगितलं की मुलांना निसर्गात न्या, झाडं-प्राणी-पक्षी दाखवा, त्यांच्याविषयी आपुलकी निर्माण करा. (भिंगरी म्हणजे माझी नात, पहिलीत आहे, तू पाहिलीस तेव्हा ती तुझ्या कोचावर उड्या मारत होती, म्हणजे आठवत असेलच.) डॉक्टरांना दातांतून डोकं वर काढायला फुरसत नाही. सूनबाई विमा कंपनीत, ती दिवसभर लोकांचे अपघात मोजते. राहिलो मी. निवृत्त माणूस म्हणजे घरातला जादाचा हात, कोणीही कशालाही लावावा. तेव्हा रोज सकाळी नाल्यापलीकडच्या मोकळ्या जागेत नातीला घेऊन जायचं आणि निसर्ग दाखवायचा, असं ठरलं.

आता तुला ठाऊक आहे, मला निसर्गातलं ओ की ठो कळत नाही. पक्षी म्हटलं की मला कावळा कळतो, आणि जो कावळा नाही तो दुसरा पक्षी. पहिल्या दिवशी भिंगरीने एकेका गोष्टीकडे बोट दाखवून हे काय, ते काय, असं विचारायला सुरुवात केली, आणि मी ‘झाड’, ‘दगड’, ‘पक्षी’, ‘दुसरा पक्षी’ अशी उत्तरं देत राहिलो. तिच्या चेहऱ्यावरचा आदर माझ्या डोळ्यांदेखत उतरायला लागला. तेवढ्यात तिने एका जुन्या झाडाच्या खोडातल्या भोकाकडे बोट केलं, आणि अक्का, काय झालं कोण जाणे, माझ्या आतला एजंट जागा झाला. मी म्हटलं, ही जागा बघ. एकच खोली, पण पूर्वेचं ऊन, कोरडी भिंत, शेजार शांत. बांधणारा सुतारपक्षी, हल्ली दुसरं कोणीतरी राहतं. मग मी थांबलोच नाही. कावळ्याचं घरटं म्हणजे गच्चीवरची जागा, हवा भरपूर, छताची बोंब. वारूळ म्हणजे मोठी सोसायटी, सभासद उदंड, आणि सगळे वेळेवर बैठकीला येतात (असं मी फक्त तिथेच पाहिलं). गोगलगाय स्वतःचं घर पाठीवर घेऊन फिरते, तिला एजंट लागत नाही, म्हणून तिच्याविषयी मी फार चांगलं बोललो नाही. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते हे मला कुठूनतरी माहीत होतं, त्यावर मी पोटभाडेकरू या विषयावर असं काही बोललो की भिंगरी तोंड उघडं टाकून ऐकत बसली. घरी येताना तिने माझं बोट धरलं होतं. जाताना मी तिचं धरलं होतं. हा फरक तुला कळेल.

त्या उत्साहात मी तिला आमच्या धंद्यातले दोन नियम सांगितले. त्यातच माझा घात झाला. पहिला नियम: जो आत राहतोय त्याला उठवायचं नाही. मालकाची कितीही अडचण होवो, पिल्लं मोठी होईपर्यंत तर नाहीच नाही. दुसरा नियम: फुकट कोणी राहत नाही, प्रत्येक जण भाडं देतो, फक्त ते पैशातच असतं असं नाही. कोळी भाडं म्हणून डास खातो. गांडूळ जमीन उकरून भुसभुशीत करतं. माशी? माशीपाशी मी जरा अडखळलो, पण बेडकाला जेवण म्हणून निभावून नेलं. मला वाटलं, पोरीच्या मनात आपुलकी निर्माण झाली, शाळेतल्या बाई खूश होतील, आणि नियम नाल्यापलीकडे राहतील. पोरीने ते घरी आणले.

सुरुवात न्हाणीघरापासून झाली. आरशाच्या उजव्या बाजूवर एका कोळिणीने जाळं विणलं होतं. डॉक्टरांनी टॉवेल उचलला आणि भिंगरी मध्ये उभी राहिली. आत कोणी राहतंय का? राहतंय. भाडं देतंय का? आरशाखाली पडलेले डास तिने बापाला दाखवले. डॉक्टर तेव्हा हसले (तेव्हा ते हसत असत), म्हणाले, ठीक आहे, मी डाव्या अर्ध्या आरशात दाढी करीन. आता आरसा अर्धा असला तरी चेहरा पूर्ण दिसायला माणसाला नुसतं सरकावं लागतं. पण डॉक्टर सकाळी घाईत असतात, आणि आमच्या घराण्यात सरकून घेण्याची सवय कोणालाच नाही. त्यानंतर सूनबाईच्या बुटात एक भेक, म्हणजे जाड्या कातडीचा बेडूक, येऊन बसला. तो बुटाच्या मापाचा होता, किंवा बूट त्याच्या मापाचा होता, एवढंच सांगतो. भिंगरीने पुठ्ठ्याच्या पाट्या करायला घेतल्या. ‘इथे राहतात. उठवू नये.’ एवढाच मजकूर, अक्षरं निरनिराळ्या दिशांना तोंड करून. मग एका कुंभारमाशीने पुढच्या दाराच्या कुलपाच्या भोकात चिखल भरून आत अंडी घातली. किल्ली जाईना. डॉक्टर टोकदार हत्यार घेऊन आले (दातांच्या डॉक्टरांकडे त्यांची काय वाण), पण तोवर पाटी लागली होती. तेव्हापासून पेशंट मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून दवाखान्यात येतात. एकाने जाता जाता पातेल्यावरचं झाकण काढून चव घेतली, आणि मीठ कमी आहे असं सुचवलं. बरोबर होतं.

आता पांढऱ्या भांड्याचं सांगतो, कारण डॉक्टर त्याचा आळ माझ्यावर घेतात. दवाखान्यातल्या खुर्चीशेजारी चूळ टाकायचं पांढरं भांडं असतं, ज्यात पाणी गोल गोल फिरत राहतं. नाल्याकाठचं एक डबकं आटत चाललं होतं आणि त्यात बेडकांची शेपटीवाली पिल्लं वळवळत होती. भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. मी धंद्याने एजंट. बेघर कुटुंब समोर आलं की मला जागा सुचतेच. मी सहज बोलून गेलो की इमारत पडायला आली की रहिवाशांना तात्पुरतं संक्रमण शिबिरात हलवतात. तात्पुरतं म्हटलं होतं मी. दुसऱ्या दिवशी ती सगळी मंडळी पांढऱ्या भांड्यात होती. चोवीस तास वाहतं पाणी, वर छान दिवा, शेजारी डॉक्टर. अशी जागा मी आयुष्यात कोणाला देऊ शकलो नव्हतो, हे मी कबूल करतो. शेजारी पाटी, आणि पेशंटसाठी बादली. गंमत म्हणजे पेशंटची तक्रार नव्हती. एकतर तोंडात कापूस असला की माणूस तक्रार करत नाही. आणि दुसरं म्हणजे खुर्चीत बसून छताकडे बघण्यापेक्षा पिल्लांना पाय फुटताना बघणं बरं. कोपऱ्यावरचा बेकरीवाला तर दाढ दुखत नसताना तपासायला येऊन बसायचा. पोरांना भूगोलाच्या पुस्तकात जे दिसत नाही ते डॉक्टरकडे दिसतं, असं तो म्हणायचा. (हे भूगोलात नसतंच, पण त्याला कोण सांगणार.)

याच बेकरीवाल्याच्या दाढेने माझं घर बुडवलं. त्याची दाढ एकदाची खरोखर दुखायला लागली. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, काढावी लागेल. इंजेक्शन दिलं, गाल बधिर झाला, चिमटा हातात घेतला. आता दवाखान्याच्या भिंतीवर एक मोठं चित्र आहे, तू पाहिलं असशील. त्यात एक दाढ उभी कापून दाखवली आहे, आणि आत जंतू बसलेले आहेत. कोणा चित्रकाराच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण त्या जंतूंना त्याने टोप्या घातल्या आहेत, एकाच्या हातात कुदळ आहे, एक बाई आहे, आणि एक जंतूचं बाळ झोळीत झोपलेलं आहे. खाली लिहिलं आहे: ‘तुमच्या दातात जंतूंनी घर केलं आहे का?’ ते चित्र डॉक्टरांनी स्वतः पैसे देऊन आणलं, मी नाही. भिंगरी पांढऱ्या भांड्यापाशी पिल्लं बघत उभी होती. तिने चिमट्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आणि बेकरीवाल्याच्या पोटावर पुठ्ठ्याची पाटी ठेवली.

डॉक्टर म्हणाले, बाजूला हो. ती म्हणाली, आत छोटं बाळ आहे. डॉक्टर म्हणाले, अगं ते जंतू आहेत, ते काय भाडं देतात? आणि जिंकलो अशा थाटात त्यांनी चिमटा उचलला. पोरगी क्षणभर विचारात पडली. मी दारात उभा होतो, मला वाटलं, सुटलो. मग ती म्हणाली, बाबा, ते तुम्हाला पेशंट आणून देतात.

बेकरीवाल्याने हळूच आपल्या हाताने दिवा बाजूला सारला, खुर्चीतून उतरला, आणि बधिर गालाने जमेल तितक्या स्पष्टपणे म्हणाला की पोरीचा मुद्दा बिनतोड आहे. मग दाढेसकट घरी गेला. (दोन दिवसांनी गालफड भोपळ्याएवढं झालं तेव्हा तो चोरून दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, आणि भिंगरीला सांगितलं की जंतू आपण होऊन गावी गेले.) पण जायच्या आधी त्याने ही हकिगत पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली होती. त्या आठवड्यात दात काढायला कोणी फिरकलं नाही. जे आले ते पिल्लं बघायला आले.

त्या दिवशी जेवताना डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, बाबा, तुम्ही थोडे दिवस आत्याकडे जाऊन या. खोलीत मशीन आलं की मग बघू. मी लगेच म्हटलं, हो हो, उत्तम, मी म्हणणारच होतो. एजंटला उठायला सांगितलं की तो हसतमुखाने उठतो, तो आमच्या धंद्याचा शिष्टाचार आहे. ताट उचललं, खोलीत गेलो, आणि पलंगावर बसून राहिलो. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. खोलीचं एवढं नाही. खोली काय, पलंगाशेजारी एक खुर्ची आणि दवाखान्यातल्या कण्हण्याचा आवाज. पण तुझं घर पार दुसऱ्या टोकाला, रोज सकाळी नाल्यापलीकडे जाणं आता व्हायचं नाही, आणि माझं बोट धरून चालणारं दुसरं कोणी मला या वयात मिळायचं नाही. गंमत बघ, हजारो लोकांना मी सांगितलं की दुसरी जागा बघा, तिथेही करमेल. कोणीच माझ्या कानाखाली कसं वाजवलं नाही, याचं आता नवल वाटतं.

असो. तुझ्या प्रकृतीला जप. शेजारणीशी बोलताना यंत्र लाव, म्हणजे ती काय बोलते हे तुला कळेल आणि भांडण मुद्द्याला धरून होईल. ट्रंक भरून तयार आहे. मी फार जागा घेत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. फरशीचं राहिलं. अक्का, अंगणाच्या कोपऱ्यात, नळाजवळच्या, फक्त दोन फरश्या उचलशील का? नव्या आहेत हे मला माहीत आहे. तू त्या पुसून त्यावर कोणाला चालू देत नाहीस हेही माहीत आहे. पण पिल्लांच्या शेपट्या आता गळायला आल्या आहेत, त्यांना ओल आणि माती लागेल, आणि शहरभर डोक्यात फिरवून पाहिलं तरी ज्याच्याकडे शब्द टाकता येईल असा अंगणवाला मालक तू एकच आहेस. भाडेकरू सज्जन आहेत, बिनपायाचे असल्यापासून मी ओळखतो. नळ गळत असेल तर दुरुस्त करू नकोस. किडे मारायचा तुझा तो फवारा कुलपात ठेव आणि किल्ली हरवून टाक. खरं म्हणजे हे पत्र मी या दोन फरश्यांसाठीच लिहायला घेतलं होतं, मध्येच वाहवत गेलो.

ता. क. २. पत्र पाकिटात घालणार होतो तेवढ्यात घरात गडबड झाली, म्हणून पुन्हा उघडून लिहितो. मशीनवाली माणसं माझ्या खोलीचं माप घ्यायला आली आणि दारातच थबकली. दाराला पाटी लागली होती. ‘इथे आजोबा राहतात. उठवू नये.’ खाली लहान अक्षरांत: ‘अंडी असतील तर माहीत नाही.’ डॉक्टर धावत आले. म्हणाले, भिंगरी, पुरे झालं, ही खोली आहे, बीळ नाही. ती दारात मांडी घालून बसली होती, उठली नाही. मग डॉक्टर चिडून बोलून गेले, आणि मी तिथेच होतो, मला ऐकू आलं, की आजोबा काय भाडं देतात ते सांग. अक्का, मी खाली बघितलं. त्याला उत्तर नाही हे मला ठाऊक होतं, मी ते बरेच दिवस शोधतोय. भिंगरी म्हणाली, आजोबा मला रोज घरं दाखवतात. आणि मग, बापाकडे नीट निरखून बघत, बाबा, तुम्ही काय भाडं देता?

मशीनवाले टेप गुंडाळून गेले. डॉक्टर बराच वेळ माझ्या पलंगावर माझ्या शेजारी बसून होते. लहानपणी परीक्षेत नापास झाल्यावर बसायचा तसा. मग म्हणाला, बाबा, मशीन न्हाणीघराबाहेरच्या बोळात मावेल. मी म्हटलं, जागा अंधारी आहे, पण मशीनला काय उजेडाची गरज. भिंगरीच्या हिशेबात बापाची थकबाकी बरीच निघाली आहे. हप्ते बांधून देऊन भिंगरीने प्रकरण मिटवलं: दर रविवारी नाला, पहिला हप्ता मात्र आगाऊ. आज पहिला हप्ता फेडायला तो आमच्याबरोबर आला होता. झाडावर एक पक्षी बघून त्याने मला विचारलं, बाबा, हा कोणता? मी सांगितलं, दुसऱ्या मजल्यावरचा.

तेव्हा माझं अंथरूण घालू नकोस. रविवारी आम्ही तिघं येऊ, पिल्लांची बादली रिकामी करू, चहा घेऊ आणि परत निघू. फरश्या मात्र उचलून ठेव. आणि उत्तर टपालाने धाडू नकोस, आमच्या पत्रपेटीत कालपासून कोणीतरी काड्या आणून टाकतंय.

ता. क. ३. (हे भिंगरीने सांगितलं, मी फक्त लिहून घेतोय.) अक्काआजी, आजोबा तुझ्याकडे राहायला येणार नाहीत, ते इथे आधीपासून राहतात. फक्त बेडूक येतील. ते खूप ओरडतील. तू कानातलं यंत्र काढून ठेवू नकोस, कारण तेच त्यांचं भाडं आहे.